आठव्या खाचेला आलेला वास

प्रिय टिल्लू,

सहा फुटांचा झालास, डोक्यावरचे केसही विरळ व्हायला लागलेत म्हणे (ही आईची बातमी, मी हात लावून खात्री करायची बाकी आहे), तरी माझ्यासाठी तू टिल्लूच राहणार. पाकीट बघून दचकला असशील. जी ताई फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही ती एकदम एवढी पानं पाठवते म्हणजे काहीतरी झालं असणार. झालंय. एक माझं झालंय आणि एक तुझं. आधी माझं सांगते, कारण ते सांगायला माझी जीभ आठवडाभर वळवळते आहे. मी पास झाले! रसायनशास्त्राच्या पदवीचं शेवटचं प्रात्यक्षिक, पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. सगळ्या वर्गात एवढे कुणालाच नाहीत. हे वाक्य दोनदा वाच. मी संगणकाकडून ते सात वेळा वाचून घेतलं. तो मेला एकाच सुरात वाचतो, आनंद म्हणून काही दाखवत नाही, पण मला पुरलं.

हे कसं झालं ते सांगायचं तर आपल्या जुन्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी लागेल. तुला आठवतच असेल, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंची लिटमसची पट्टी नेहमी संपलेली असायची. मग त्या म्हणायच्या, पट्टी नाही तर नाही, घरात चहा आहे ना? कोरा चहा उकळा, तीन कपांत ओता, एकात लिंबू पिळा, एकात खायचा सोडा टाका, एक तसाच ठेवा. आंबट पदार्थ चहाचा रंग फिकट करतो, सोडा त्याला गडद करतो, आम्ल आणि आम्लारी ओळखायला एवढं पुरे. मी ओट्याशी उभी राहून ओतायची आणि तू स्टुलावर चढून बघायचास. बघून सांगायचं तुझं काम होतं, आणि काय सांगायचास रे तू! मी जन्मात रंग बघितलेला नाही हे तुला पक्कं माहीत, म्हणून नुसतं 'पिवळा झाला' म्हणून कधी सुटला नाहीस. लिंबाचा चहा म्हणे हिवाळ्यातलं सकाळचं ऊन पाठीवर यावं तसा. सोड्याचा चहा म्हणे तव्याच्या बुडाला बोट लावल्यासारखा. मग आपण चहावर थांबलोच नाही. कुंपणावरच्या जास्वंदीच्या पाकळ्या आणून उकळल्या. लिंबानं त्यांचं पाणी लालभडक झालं तेव्हा तू म्हणालास, 'ताई, जीभ चावल्यावर कसं होतं, तसं.' सोड्यानं हिरवं झालं तेव्हा बराच विचार केलास आणि म्हणालास, 'काकडी मोडल्याचा आवाज आहे ना, तो हिरवा.' हळदीचं फडकं साबणाच्या पाण्यात लाल झालं तेव्हा आईनं दोघांना रट्टे दिले, कारण ते फडकं नव्हतं, तिची ओढणी होती. त्या दिवसांत मला कधीच वाटलं नाही की मला काही दिसत नाही.

आणि मग ते दहावीचं प्रात्यक्षिक. आपण दोघं त्याबद्दल चौदा वर्षं बोललो नाही. आज मी बोलणार आहे, तू फक्त वाच. मदतनीस खालच्या वर्गातला हवा असा नियम होता, म्हणून तुला घेतलं. टेबलावर चहाचे तीन कप, तीन बाटल्या, बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत. मी थेंब टाकायचे, तू रंग सांगायचा, मी उत्तर लिहून घ्यायचं. तिन्ही उत्तरं चुकली. परीक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'हिनं यात नेमकं काय केलं? मुलगा सांगतो, ही लिहिते.' आणि माझ्या कागदावर शेरा मारला: स्वतः निरीक्षण करू शकत नाही, विज्ञान शाखेसाठी शिफारस नाही. घरी येताना तू रस्ताभर रडत होतास. 'मला नीट दिसलंच नाही गं ताई,' एवढंच म्हणत होतास.

टिल्लू, तुला नीट दिसलं होतं. तू कपाकडे बघितलंच नव्हतंस. आपल्या आधीच्या गटाचा उत्तरांचा कागद बाईंच्या टेबलावर उघडा पडला होता (हे बाईंनीच मला नंतर सांगितलं) आणि तू त्याच्यावरून सांगत होतास. बाटल्यांचे आकडे परीक्षकांनी मधल्या वेळात बदलले हे तुला कुठून कळणार? मला तिथल्या तिथे कसं कळलं म्हणशील, तर दुसऱ्या कपात मी अजून थेंब टाकलाही नव्हता आणि तू म्हणालास, 'फिकट झाला.' ना ऊन, ना तवा, नुसतं 'फिकट झाला.' तेव्हाच माझ्या लक्षात आलं. आणि आता खरी गोष्ट ऐक, जी मी आजवर कुणालाही सांगितली नाही. लक्षात येऊनही मी तेच लिहिलं. मला गुण हवे होते. तू घाबरलेला तेरा वर्षांचा पोरगा होतास, मी पंधरा वर्षांची शहाणी होते. तेव्हा चूक वाटून घ्यायची असेल तर मोठा वाटा माझा आहे. तू उगाच सगळी पाठीवर घेऊन एवढ्या लांबच्या गावी जाऊन बसलास. त्या दिवसानंतर तू मला एकही रंग सांगितला नाहीस. गच्चीवर बसलो आणि मी विचारलं, आभाळ कसंय रे, तर म्हणायचास, 'आहे, ठीक आहे.' गुण गेल्याचं मला तेवढं लागलं नाही, जेवढं त्या 'ठीक आहे'चं लागलं.

पुढचं तुला माहीत आहे. मी इतिहास घेतला, पास झाले, महाविद्यालयाच्या कचेरीत टेलिफोनवर बसले. अजूनही बसते. कुठला विभाग हवा, कोण रजेवर, कोणाला कोणाशी बोलायचं नाही, सगळं पाठ. रसायनशास्त्राच्या विभागाचा फोन जोडताना मात्र दरवेळी बोट जरा अडखळायचं. असंच चाललं असतं, पण चार वर्षांपूर्वी एक फडकं बादलीत पडलं.

मी कांदा चिरत होते. हात पुसायचं फडकं कांद्यानं माखलेलं, ते निसटून आईच्या धुण्याच्या बादलीत गेलं. बादलीत धुण्याचा सोडा कालवलेला. काढून पिळलं, सवयीनं नाकाला लावलं, तर कांद्याचा वास गायब! पाण्यानं वास कमी होतो हे ठीक, पण हा तर कुणी पुसून टाकल्यासारखा गेला होता. मी दुसरं फडकं घेतलं, कांद्यात घोळलं, साध्या पाण्यात बुडवलं. वास आहे. लिंबाच्या पाण्यात बुडवलं. वास आहे. सोड्यात बुडवलं. गेला. मी तिथेच मोरीत पाटावर बसले आणि मोठ्यानं हसायला लागले. आई धावत आली, 'कापलंस का बोट?' म्हणाली. मी म्हटलं, 'नाही गं, मला रंग दिसला.' बिचारी घाबरून माझं कपाळ चाचपायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले. तिथले परिचर गेली तीस वर्षं बाटल्या धुतात, भरतात, लावतात, सगळे त्यांना बाटलीकाका म्हणतात. त्यांना कांद्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. उलट म्हणाले, 'कांद्याचा वास रेंगाळतो. एक घाव दोन तुकडे असा वास पाहिजे. लवंगेचं तेल बघा.' त्यांच्या खिशात दाढदुखीसाठी छोटी बाटली होतीच. सोड्याच्या कडक पाण्यात दोन थेंब टाकले, हलवलं, हातानं वारा घेतला, वास अगदी नाहीसा झालेला. मग त्यात आम्ल टाकत गेलो, थेंब, थेंब, थेंब, आणि एका थेंबाला लवंग भसकन नाकात आली. कारण सोपं आहे रे. लवंगेत वासाचा जो पदार्थ असतो तो आम्लारीत बांधला जातो, उडूच शकत नाही. आम्लानं आम्लारी संपवली की तो सुटतो आणि थेट नाकात. इतरांचा रंग बदलतो, माझा वास.

विभागप्रमुख मॅडमनी मला प्रवेश द्यायला आढेवेढे घेतले, हे खोटं कशाला सांगू? म्हणाल्या, 'उपकरणं हातात द्यायला माणूस मिळेल, पण काय झालं ते तो सांगणार नाही. ते तुमचं तुम्हालाच कळायला हवं.' मी म्हटलं, 'मला तेच हवंय.' मग बाटलीकाकांनी वीस मिलिलिटरची सिरिंज घेतली, सुई काढून फेकली आणि दट्ट्यावर कानशीनं बारीक खाचा पाडल्या, एक खाच म्हणजे एक मिलिलिटर. किती आम्ल गेलं ते मी नखानं मोजायची. तीन वर्षं सकाळी वर्ग, मग टेलिफोन, मग प्रयोगशाळा. काकांनी पाडलेल्या खाचा माझ्या नखानं इतक्या झिजल्या की त्या दोनदा नव्यानं पाडाव्या लागल्या.

आता परीक्षेचा दिवस. तुझ्या ताईचं नशीब बघ, आदल्या दिवशी कडकडून सर्दी! वर्षभर जे नाक फुलासारखं जपलं ते नेमकं त्या दिवशी चोंदलं. आईनं वाफ दिली, कपाळाला बाम चोळायला आली तर मी किंचाळले, कारण बामाचा वास दोन दिवस नाकातून गेला नसता. सकाळी उठले तेव्हा डावी नाकपुडी बंद आणि उजवी अर्धी उघडी. मी मनात म्हटलं, पंधरा वर्षांच्या पोरीला दोन डोळे उसने लागले होते, तिशीला टेकलेल्या बाईला अर्धी नाकपुडी पुरायला हवी.

परीक्षक बाहेरचे होते. आवाज कोरडा, पावलं मोजून टाकणारे. माझ्या टेबलाशी आले, सिरिंज हातात घेतली, खाचा चाचपल्या. मग काकांना म्हणाले, 'तुम्ही बाहेर थांबा.' काका म्हणाले, 'मी काही सांगणार नाही साहेब.' 'तरी बाहेर थांबा.' दार लागलं. काका काही सांगत नसले तरी त्यांच्या चपलांचा आवाज मला धीर द्यायचा, आता तोही गेला. काम एवढंच होतं (याला टायट्रेशन म्हणतात), दिलेल्या फ्लास्कमधल्या आम्लारीला संपवायला किती आम्ल लागतं ते सांगायचं, आणि त्यावरून तिची तीव्रता काढायची. तीन वेळा करायचं, म्हणून तीन फ्लास्क. बाकीचे गुलाबी रंग जाण्याची वाट बघणार, मी लवंग येण्याची.

पहिल्या फ्लास्कमध्ये तेल टाकलं, वास मेला. सिरिंज लावली. एक खाच, वारा घेतला, काही नाही. दोन. तीन. प्रत्येक खाचेनंतर खिडकीशी जाऊन मोकळा श्वास घ्यायचा, नाहीतर नाक थकतं आणि खोटं बोलायला लागतं. सहा. सात. आठव्या खाचेला लवंग आली. अर्ध्या नाकपुडीतसुद्धा अशी आली की शंकाच नको. मी खुशीत संगणकावर आकडा टाइप करणार, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून कुजबूज ऐकू आली. 'बारा आलं?' 'हो, बारा.' पलीकडून कुणीतरी, 'माझं बाराच्या किंचित वर.' सगळ्या वर्गाचं बारा, आणि माझं आठ.

मी दुसरा फ्लास्क घेतला. आठ. तिसऱ्याला तर मी आठव्या खाचेवर मुद्दाम थांबले, स्वतःला म्हटलं, हा वास मनातला असेल. खिडकीशी गेले, शंभर आकडे मोजले, परत आले. होती तिथेच, लवंग. टिल्लू, खोटं नाही सांगत, माझं बोट एकच्या कळीवर जाऊन टेकलं होतं. एक, मग दोन. बारा. कुणाला कळणार होतं? उलट नाक चोंदलेलं, सर्दी झालेली, चूक माझीच असणार हे अख्ख्या जगानं मान्य केलं असतं. मीही करत आले होते. आणि तेव्हा डोक्यात लख्ख काहीतरी झालं. चोंदलेलं नाक वास उशिरा ओळखेल. लवकर कसा ओळखेल? सर्दीमुळे चुकले असते तर माझं चौदा यायला हवं होतं, पंधरा यायला हवं होतं. आठ कधीच नाही. म्हणजे चूक नाकाची नाही. म्हणजे फ्लास्कमध्ये जे आहे ते आठच आहे. मी एकवरून बोट उचललं आणि तीनदा आठ टाइप केलं. खाली गणित मांडलं आणि शेवटी एक वाक्य घातलं: मला दिलेलं द्रावण इतरांच्या द्रावणापेक्षा सौम्य असावं.

परीक्षकांनी छापून निघालेला कागद वाचला. मग खुर्ची सरकवून माझ्यासमोर बसले. म्हणाले, 'इतरांचे आकडे तुमच्या कानावर गेले होते ना?' मी हो म्हटलं. 'तरी आठ लिहिलंत?' मी म्हटलं, 'वास आठलाच आला, सर.' त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, 'तुमचे तिन्ही फ्लास्क मी सकाळी स्वतः वेगळे भरले. उत्तर आठच आहे. अशा पद्धतीनं काम होतं यावर माझा विश्वास नव्हता. कुणीतरी आकडा पुरवत असेल असं वाटलं होतं. माफ करा.' टिल्लू, मी तिथे उभ्या उभ्या रडले, नाक होतं नव्हतं ते पार बंद झालं. आणि त्या कोरड्या माणसानं काय करावं? चष्मा टेबलावर काढून ठेवला (तो मी ऐकला), 'मला दाखवा' म्हणाले आणि डोळे मिटून माझ्या सिरिंजनं स्वतः टायट्रेशन करायला बसले. आठव्या खाचेला खुर्चीवरून जवळजवळ उठलेच. 'आला की हो!' एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाटलीकाका काय झालं म्हणून दार ढकलून आत. दोन गुण कापले ते टेबलावर पाणी सांडलं म्हणून. ते मला कबूल आहे, सांडलं होतं.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी माझ्या टेलिफोनच्या टेबलाशी येऊन माझा हात हातात घेतला. पुढच्या वर्षीपासून लवंगेचं टायट्रेशन पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना करावं लागणार आहे, आणि ते शिकवायला, ऐक, मी. टेलिफोनवर दुसरं कुणीतरी बसेल. बाटलीकाका खाचा पाडायला बसलेत, चाळीस सिरिंज हव्यात. आई भेटेल त्याला सांगते आहे, दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही, फक्त तिच्या सांगण्यात लवंगेचा वेलदोडा झालाय.

आता तुझं. गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा आई गॅलरीत जाऊन, दार ओढून, स्पीकर लावून बोलली. तिला अजून वाटतं की दार ओढलं की मला ऐकू येत नाही. तुझ्या लेकीच्या डोळ्यांबद्दल डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला कळलंय. 'ताईला एवढ्यात सांगू नकोस,' म्हणालास, तेही कळलं. आणि तीन महिन्यांच्या पोरीसाठी तू जे पुन्हा पुन्हा विचारत होतास, हिचं कसं व्हायचं, हिचं कसं व्हायचं, ते ऐकून मी त्याच दिवशी हे पत्र लिहायला घेतलं. वेड्या, हा प्रश्न विचारायला तुला घरातलं एकच माणूस सोडून बाकी सगळे सापडले? कसं व्हायचं ते वर चार पानांत लिहिलंय. तिचं याहून चांगलं होईल, कारण मला जे चाचपडत शोधावं लागलं ते तिला शिकवायला मी आहे. रडायचं तर रड, वहिनीलाही रडू दे, मी अडवत नाही. पण तिला कडेवर घेऊन रडू नकोस, तिला आवाजावरून सगळं कळतं, हे मी खात्रीनं सांगते. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मी येते आहे, एकटी. न्यायला येऊ नकोस, पत्ता विचारत पोचेन. फक्त मी दार वाजवीन तेव्हा तिला जागी ठेव आणि सगळ्यात आधी माझ्या हातात दे.

तुझीच ताई,
आणि, पहिल्यांदाच लिहिते आहे, तिची आत्या